घड्याळाचं माप कसं ठरवायचं: यांत्रिक घड्याळांच्या नव्या संग्राहकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

यांत्रिक घड्याळं घेऊ लागलेल्या माणसाची पहिली मोठी चूक बहुतेक वेळा मापाची असते. मशीनबद्दल भरपूर वाचलेलं असतं, डायलचे फोटो मोठे करकरून पाहिलेले असतात, आणि मापाच्या रकान्यात ‘४० मिमी’ एवढंच बघून घड्याळ मागवलं जातं. पहिले आठ दिवस ते रोज हातावर असतं. मग बाहीत अडकतं, हाताच्या मागच्या बाजूला टोचतं, बाजूने पाहिलं की डबीसारखं दिसतं, आणि हळूहळू पेटीतच राहू लागतं. घड्याळ उत्तम असतं, फक्त ते त्या मनगटासाठी नसतं.

यातलं जवळजवळ सगळं विकत घेण्याआधी कळू शकतं. त्यासाठी एका आकड्याऐवजी पाच आकडे बघायचे आणि स्वतःचं मनगट एकदा नीट मोजायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

लागणारं सामान

- शिंप्याकडे असतो तसा मऊ टेप
- मिलिमीटरच्या खुणा असलेली सरळ पट्टी
- व्हर्निअर कॅलिपर, शक्यतो प्लास्टिकच्या जबड्यांचा (स्टीलच्या जबड्यांनी पॉलिश केलेल्या केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, ओरखडे येतात)
- जाड पुठ्ठा, कात्री, पेन्सिल, चिकटपट्टी
- मोठा आरसा
- एक वही. ही सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक जण हीच टाळतात.

पायरी १: मनगट दोन प्रकारे मोजा

पहिलं माप घेराचं. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे गोल हाड वर येतं, त्याच्या कोपराकडच्या बाजूला टेप गुंडाळा. घड्याळ सहसा तिथेच बसतं. टेप त्वचेला टेकलेला असावा, आवळलेला नको. हाताला दिवसभरात थोडी सूज येते, उन्हाळ्यात जास्त. म्हणून सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा, पट्ट्याच्या वेळी लागतील.

दुसरं माप रुंदीचं, आणि खरं काम याचंच आहे. हात टेबलावर कागद ठेवून त्यावर पालथा टेकवा. पेन्सिल उभी धरून मनगटाच्या दोन्ही बाजूंना एकेक खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा.

घेर सारखा असला तरी रुंदी वेगळी असू शकते. १६.५ सेंमी घेराचं एक मनगट जवळजवळ गोल असतं, त्याची रुंदी ५४ मिमीच्या आसपास भरते. तेवढ्याच घेराचं दुसरं मनगट चपटं असतं, ते ६० मिमीपर्यंत जातं. त्यामुळे ‘साडेसोळाच्या मनगटाला किती मिमी चालेल?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. पहिल्या मनगटावर ज्या घड्याळाचे पट्टा जोडणारे पाय बाहेर लोंबतात, तेच दुसऱ्यावर आरामात बसतं.

रुंदी मिळाली की दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिमी वजा करा, कारण कडेला मनगट गोल होऊन खाली उतरतं. ५४ मधून ६ गेले, उरले ४८. ६० मधून गेले, उरले ५४. ही तुमची वरची मर्यादा. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

पायरी २: घड्याळाची पाच मापं गोळा करा

१. व्यास. क्राउन, म्हणजे चावी द्यायची बाजूची गुंडी, सोडून मोजलेला. क्राउनच्या बाजूला संरक्षक खांदे असतील तर १० ते ४ किंवा ८ ते २ या अंकांच्या रेषेत मोजतात. पाटेक फिलिपचं नॉटिलस ५७११ हे ४० मिमीचं म्हणतात ते १० ते ४ मोजून. त्याच्या दोन्ही बाजूंचे ‘कान’ धरले तर आडवं माप त्याहून बरंच जास्त भरतं.

२. लग-टू-लग. केसला पट्टा जोडणाऱ्या चार पायांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं हे अंतर. तुमच्या वहीतली मर्यादा याच आकड्याशी ताडून बघायची.

३. जाडी. काचेसकट आणि मागच्या झाकणासकट.

४. लगमधलं अंतर. एकाच बाजूच्या दोन लगमधलं. पट्ट्याची रुंदी यावरून ठरते.

५. डायलचा दिसणारा व्यास. बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याच्या, आतला. हा कंपन्या क्वचितच देतात. समोरून काढलेल्या फोटोवर पट्टी ठेवून, एकूण व्यासाच्या प्रमाणात काढता येतो.

विक्रेत्याने फक्त व्यास दिला असेल तर बाकीचे चार आकडे मागून घ्या. लग-टू-लग सांगता येत नसेल तर पट्टीशेजारी घड्याळ ठेवून सरळ वरून काढलेला फोटो मागा.

लग-टू-लगवर इतका भर का, ते दोन घड्याळं शेजारी ठेवली की कळतं. सीको एसकेएक्स००७ हे डायव्हरचं घड्याळ ४२.५ मिमीचं, पण त्याचे लग आखूड, लांबी साधारण ४६ मिमी. नोमॉसचं टांगेंटे ३८ प्रत्यक्षात ३७.५ मिमी व्यासाचं, पण लग लांब आणि सरळ, त्यामुळे लांबी ४७ मिमीच्या वर जाते. कागदावर पहिलं पाच मिमीने मोठं. अरुंद मनगटावर मात्र पाय बाहेर डोकावतात ते दुसऱ्याचे. ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल ४२ मिमीचं असूनही बारीक मनगटांवर चालतं, त्याचं कारणही हेच. लांबी ४८ मिमीच्या आत राहते आणि लग खाली वळलेले असतात.

वळण वेगळं तपासा. घड्याळ सपाट टेबलावर पट्ट्याशिवाय ठेवलं तर लगची टोकं टेबलाला टेकतात का, की मागच्या झाकणावर केस उभी राहते आणि टोकं हवेत राहतात? टेकत असतील तर लग मनगटाला धरून खाली उतरतात. हवेत असतील तर घड्याळ मनगटावर डुगडुगतं, आणि लांबी मर्यादेत असूनही मोठं वाटतं.

पायरी ३: डोळ्यांना किती मोठं दिसेल ते ओळखा

डोळ्यांना व्यासापेक्षा क्षेत्रफळ जाणवतं. ३६ वरून ४० वर गेलात तर व्यास ११ टक्के वाढतो, क्षेत्रफळ मात्र २३ टक्क्यांहून जास्त. ‘चार मिमी म्हणजे काय ते’ असं वाटतं, आणि घड्याळ हातावर चढलं की वेगळीच वस्तू वाटते ती यामुळे.

बारीक बेझल आणि मोठं डायल असलेलं ३८ मिमीचं घड्याळ, जाड फिरत्या बेझलच्या ४० मिमीच्या घड्याळापेक्षा मोठं दिसतं. पांढरं किंवा चंदेरी डायल पसरतं, काळं आकसतं. साध्या दोन काट्यांचं, अंकांशिवायचं डायल मोकळं दिसतं आणि म्हणून मोठं. तेच डायल तीन छोट्या तबकड्यांनी भरलं की लहान वाटतं.

चौकोनी केसमध्ये हा फरक सगळ्यात जास्त पडतो. ३६ मिमी बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ ३६ मिमी व्यासाच्या वर्तुळापेक्षा २७ टक्के जास्त. गोल घड्याळांतला आवडता आकडा चौकोनी घड्याळाला लावला की फसलात. कार्टियेचं टँक मस्ट लार्ज ३३.७ × २५.५ मिमी आहे. नावात ‘लार्ज’, आकडे वाचून मात्र लहान मुलाचं घड्याळ वाटतं. हातावर ते मोठ्या माणसाचं, नेटकं घड्याळ दिसतं. येझे-लकुल्त्र रिव्हर्सोच्या ४५.६ × २७.४ मिमीतला पहिला आकडा पूर्ण लांबीचा आहे, म्हणजे लग-टू-लगच. त्याची तुलना ४५ मिमीच्या गोल घड्याळाशी करू नका.

केस आणि पट्टा एकसंध असलेली घड्याळं आणखी वेगळी. ओदमार पिगेचं रॉयल ओक १९७२ मध्ये ३९ मिमीचं आलं तेव्हा त्या काळाच्या मानाने इतकं मोठं होतं की ‘जम्बो’ हे नाव त्याला चिकटलं ते आजतागायत. अशा घड्याळांत ब्रेसलेटची, म्हणजे धातूच्या कड्यांच्या पट्ट्याची, पहिली कडी केसमधून थेट बाहेर येते आणि लगेच खाली वळत नाही. कागदावरची लांबी धरू नका. ती कडी जिथे खाली वळते तिथपर्यंत मोजा.

पायरी ४: जाडी आणि तिच्या आतलं मशीन समजून घ्या

घड्याळाचा आनंद सगळ्यात जास्त कशाने बिघडत असेल तर तो जाडीने. व्यासाची सवय होते. जाडीची होत नाही, कारण ती दिवसातून वीस वेळा बाहीत अडकून स्वतःची आठवण करून देते.

जाडी कुठून येते? मशीन, डायल, काट्यांची एकावर एक रचना, काट्यांवरची मोकळी जागा, काच आणि मागचं झाकण. पाण्याखाली जास्त खोल टिकायचं तर काच आणि झाकण दोन्ही जाड करावी लागतात. मशीनची जाडी मात्र ठरलेली असते आणि ती आधी बघता येते. ईटीए या कंपनीचं २८२४-२ हे मशीन ४.६ मिमी, ईटीए २८९२-ए२ हे ३.६ मिमी. दोघांचा व्यास तोच, २५.६ मिमी. त्या एका मिमीमुळे सुबक घड्याळ आणि बोजड घड्याळ असा फरक पडू शकतो. सीकोचं एनएच३५ पाच मिमीहून थोडं जास्त. व्हॅल्जू ७७५० हे स्वयंचलित क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेलं) मशीन ७.९ मिमी, म्हणून ते असलेली घड्याळं सहसा १३ ते १५ मिमीपर्यंत जातात. अशा घड्याळाला ‘इतकं जाड का’ म्हणून बोल लावण्यात अर्थ नाही, आतलं मशीनच तेवढं आहे. दुसऱ्या टोकाला, पियाजेने १९५७ मध्ये ९पी हे हाताने चावी द्यायचं मशीन फक्त २ मिमी जाडीचं केलं होतं.

ट्यूडरने २०१८ मध्ये ब्लॅक बे फिफ्टी-एट आणलं तेव्हा व्यास ४१ वरून ३९ झाला, पण लोकांच्या मनात भरली ती ११.९ मिमी जाडी. मोठं ब्लॅक बे त्याहून जवळजवळ तीन मिमी जाड होतं. हे साधलं कारण आत कमी व्यासाचं, पातळ मशीन बसवलं गेलं.

एकूण जाडी एकच असली तरी ती कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं. समजा घड्याळ १२ मिमीचं आहे. त्यातले दोन मिमी वर फुगलेल्या काचेचे आणि अडीच मिमी मनगटात रुतणाऱ्या झाकणाचे असतील, तर बाजूने दिसणारी धातूची भिंत साडेसात मिमीच राहते आणि घड्याळ पातळ वाटतं. उलट सपाट काच, सपाट झाकण आणि साडेदहा मिमीची सरळ भिंत असेल तर तेच १२ मिमी विटेसारखं दिसतं. म्हणून बाजूने काढलेला फोटो नेहमी मागा. विक्रीच्या पानांवर तो क्वचितच असतो.

ढोबळ हिशेब हवा असेल तर जाडीला व्यासाने भागा. ०.२८ च्या आत उत्तर आलं तर घड्याळ सडपातळ दिसेल. ०.३३ च्या वर गेलं की डबी. ४० मिमीला ११ मिमी म्हणजे ०.२७५, छान. ३८ मिमीला १३ मिमी म्हणजे ०.३४. इथे व्यास लहान असल्याचा उलट तोटाच झाला.

पायरी ५: मशीन केसमध्ये नीट बसलंय का बघा

संग्राहकाचं समाधान फक्त हातावर बसण्यात नसतं. केस मशीनला शोभते का, हेही त्यात येतं. हे डायलवरूनच ओळखता येतं.

तारखेची खिडकी मशीनमधल्या तारखेच्या चक्रावर असते, आणि त्या चक्राचा व्यास बदलत नाही. २५.६ मिमीचं मशीन ३६-३८ च्या केसमध्ये असेल तर खिडकी मिनिटांच्या खुणांजवळ, आपल्या जागी येते. तेच मशीन ४३ च्या केसमध्ये घातलं की खिडकी मध्याकडे सरकते आणि बाहेरच्या बाजूला रिकामी पट्टी उरते. फोटोत बघा: खिडकीच्या पलीकडे, कडेकडे, पूर्ण लांबीचा तासाचा ठोकळा मावत असेल तर मशीन केसच्या मानाने लहान आहे. क्रोनोग्राफच्या छोट्या तबकड्यांचंही तसंच. त्या मधोमध एकमेकींना चिकटून आल्या आणि भोवती माळरान उरलं, तर केस गरजेपेक्षा मोठी केली आहे. एकदा हे दिसलं की मग दिसतच राहतं, म्हणून घेण्याआधीच बघा.

काचेचं मागचं झाकण असेल तर तिथेही तोच प्रकार. ४२ च्या केसमध्ये छोटं मशीन आणि भोवती धातूचं रुंद कडं, हे दृश्य दोन-चार वेळा पाहिलं की फिकं पडतं. इथे मोठ्या केसची बाजू मनापासून घ्यावीशी वाटते ती ईटीए ६४९७ सारख्या मशीनसाठी. हे मुळात खिशातल्या घड्याळांचं मशीन, व्यास ३६.६ मिमी, म्हणून केस ४० च्या आत सहसा येतच नाही. पण मागून पाहा: मोठं बॅलन्स चाक, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाचा ठेका धरणारं चाक, ऐसपैस झुलतं. त्याच्या ६४९७-१ या रूपात तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. २८२४ मध्ये तासाला २८,८०० म्हणजे सेकंदाला आठ, तिथे नजरेला फक्त थरथर दिसते. पाच ठोक्यांच्या मशीनमध्ये चाक एका बाजूला जाऊन परत येताना डोळ्यांना पकडता येतं. हाताने चावी देताना क्लिकच्या (चावी उलटी फिरू न देणाऱ्या खिट्टीच्या) दात्याची टिकटिक बोटांना स्पष्ट लागते. ज्याला मशीन बघण्यात आनंद आहे, त्याने अशा घड्याळासाठी दोन-तीन मिमी जास्त जरूर सोसावेत.

पायरी ६: पुठ्ठ्याचं घड्याळ करा

घड्याळ हातात मिळणार नसेल तर ही पायरी टाळू नका. पंधरा मिनिटांचं काम आहे.

पुठ्ठ्यावर केसच्या व्यासाचं वर्तुळ काढा. त्याच्या वर-खाली लग काढा, टोकापासून टोकापर्यंतचं अंतर बरोबर लग-टू-लगइतकं ठेवा. दोन लगमधली जागाही मापाने सोडा. कापा. मग त्याच व्यासाची आणखी वर्तुळं कापून एकावर एक चिकटवत जा, कॅलिपरवर घड्याळाची जाडी येईपर्यंत. डायलचा व्यास पेन्सिलीने आखून घ्या आणि आतला भाग घड्याळाच्या डायलच्या रंगाने भरा. रंग भरणं पोरखेळ वाटेल, पण पायरी ३ मध्ये सांगितलेला पांढऱ्या-काळ्याचा फरक त्यानेच दिसतो.

लगमधून कागदाची पट्टी ओवून मनगटाला बांधा. नेहमीचा फुल बाह्यांचा शर्ट घाला, बाही वर-खाली करून बघा. आरशासमोर हात नेहमीसारखा खाली सोडून उभे राहा, कारण बाकीच्यांना तुमचं घड्याळ तसंच दिसतं. दोन तास बांधून ठेवा आणि नेहमीची कामं करा.

इथे एक सापळा आहे. मोबाईलने हातावरच्या घड्याळाचा जवळून काढलेला फोटो कधीही मापासाठी धरू नका. कॅमेरा जवळ असला की समोरची वस्तू फुगते आणि मागचं मनगट बारीक दिसतं. ३८ चं घड्याळ फोटोत ४२ चं वाटतं. फोटो काढायचाच तर आरशातून किंवा एक मीटर लांबून झूम करून काढा. दुसऱ्यांच्या मनगटावरचे फोटोही याच चाळणीतून बघा.

पायरी ७: प्रत्यक्ष हातावर घालून तपासा

संधी मिळाली तर पुढच्या गोष्टी करा, याच क्रमाने.

आधी बकल नीट लावा, सैल ब्रेसलेटवर निर्णय घेऊ नका. दुकानातलं ब्रेसलेट पूर्ण कड्यांचं असतं, त्यामुळे घड्याळ बाजूला लोंबतं आणि आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. ब्रेसलेट आणि मनगट यांच्यामध्ये खालून बोट घालून जास्तीची जागा भरा, म्हणजे केस जागेवर राहील.

हात टेबलावर टेकवून मनगट मागे मोडा, जसं टेबलावर भार देऊन उठताना होतं. क्राउन हाताच्या मागच्या बाजूला रुततो का? मोठा क्राउन आणि लहान मनगट यांची इथे गाठ पडते. काही डायव्हर घड्याळांत क्राउन चारच्या अंकाजवळ असतो, त्याने हा त्रास बराच कमी होतो.

हाताने चावी द्यायचं घड्याळ असेल तर परवानगी घेऊन आठ-दहा वेळा चावी द्या. अटकाव लागला की थांबा. पातळ घड्याळांचा क्राउन लहान आणि केसमध्ये शिरलेला असतो, बोटांच्या चिमटीत नीट येत नाही. रोज सकाळी हेच करायचं आहे, म्हणून ही गोष्ट किरकोळ समजू नका. चावी देणं ज्याला आवडतं, त्याचं निम्मं सुख या छोट्या दातेरी डोक्यावर अवलंबून असतं.

हात पूर्ण खाली सोडून दहा सेकंद थांबा. केस बाहेरच्या बाजूला घरंगळते का? वजन इथे कळतं. स्टीलची घनता पाण्याच्या साधारण आठ पट, टायटॅनियमची साडेचार, १८ कॅरट सोन्याची पंधरा-सोळा, प्लॅटिनमची त्याहूनही जास्त. म्हणून ४२ मिमी टायटॅनियममध्ये विसरून जाण्याइतकं हलकं वाटतं, आणि तेच सोन्यात कातडी पट्ट्यावर घातलं की दिवसभर घसरत राहतं. जड केसला जड ब्रेसलेट हवं, किंवा केस तरी लहान हवी.

शेवटी, हात लांब करून वेळ वाचा. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांनी हे चष्म्याविना करून बघावं. ३४ मिमीचं देखणं डायल वाचताच येत नसेल तर त्याचा आनंद अर्धाच. मात्र उपाय मोठी केस हाच असतो असं नाही. डायलच्या रंगाशी विरोधी रंगाचे, मिनिटांच्या खुणेपर्यंत पोचणारे काटे असतील तर ३५ मिमीचं घड्याळही लांबून वाचता येतं. चंदेरी डायलवर चकचकीत चंदेरी काटे असतील तर ४२ चंही वाचता येत नाही.

पायरी ८: पट्ट्याने माप बदला

नव्या संग्राहकांना हे उशिरा उमगतं: तेच घड्याळ पट्टा बदलला की एक मिमीने लहान किंवा मोठं वाटतं.

खालून ओवायचा नायलॉन पट्टा केसखालून जातो आणि घड्याळ उचलतो. कापड सव्वा-दीड मिमीचं, आणि दोन थर असतील तर अडीच-तीन मिमी जाडी वाढली. १३ मिमीच्या घड्याळाला असा पट्टा लावू नका. ९-१० मिमीच्या घड्याळाला तो शोभतो.

ब्रेसलेटमध्ये केसला लागून असलेली कडी बघा. तिचा मधला भाग लगच्या बाहेर डोकावत असेल तर खरी लांबी लग-टू-लगपेक्षा तीन-चार मिमी जास्त धरा. पुढची कडी लगच्या आतूनच खाली वळत असेल तर लांबी वाढत नाही. ४८ ची मर्यादा असलेल्या मनगटावर ४७ चं घड्याळ कातडी पट्ट्यावर सुरेख बसतं आणि ब्रेसलेटवर बाहेर जातं, ते यामुळे.

कातडी पट्ट्याची लांबी बहुतेकदा १२०/७५ मिमी असते. १५-१६ सेंमीच्या मनगटावर तो लांब पडतो, बकल मनगटाच्या मधोमध न येता एका बाजूला जातो आणि केसला आपल्याकडे ओढतो. मग घड्याळच मोठं आहे असं वाटतं. अशा मनगटाला आखूड जोडी घ्या, १०५/६५ किंवा ११०/७० च्या आसपासची. पट्टा किती घट्ट असावा? करंगळीचं टोक खालून शिरावं, आणि घड्याळ हाडावरून पुढे घसरू नये.

लगमधलं अंतर १९ किंवा २१ असेल तर पट्ट्यांची निवड कमी होते. १८, २० आणि २२ ला भरपूर मिळते. ज्यांना पट्टे बदलायची हौस आहे त्यांनी हा आकडा व्यासाइतकाच मनावर घ्यावा.

पायरी ९: कामाप्रमाणे माप, आणि जुन्या घड्याळांचं वेगळं गणित

मोठं घड्याळ म्हणजे हल्लीचं फॅड आणि लहान म्हणजे अभिजात, हा समज सोडून द्या. १९४० च्या सुमाराची जर्मन वैमानिकांची निरीक्षण-घड्याळं ५५ मिमीची होती, कारण ती जाड जॅकेटच्या बाहीवरून बांधायची होती. पानेराईची इटालियन नौदलाच्या पाण्यात बुड्या मारणाऱ्या सैनिकांसाठीची घड्याळं ४७ मिमीची, अंधाऱ्या पाण्यात वाचता यावीत म्हणून. त्याच काळात पाटेक फिलिपचं १९३२ चं कॅलात्राव्हा ९६ साधारण ३१ मिमीचं होतं आणि पुरुषांचं पूर्ण मापाचं घड्याळ म्हणून घातलं जात होतं. रोलेक्स एक्सप्लोरर अनेक दशकं ३६ मिमीचं होतं, २०१० मध्ये ३९ झालं आणि २०२१ मध्ये पुन्हा ३६ वर आलं. कोण बरोबर, हा प्रश्नच नाही.

माझा कल विचाराल तर: समारंभाचं साधं घड्याळ ३४ ते ३८ आणि जाडी ९ च्या आत. रोजचं ३६ ते ४०, जाडी साडेअकराच्या आत. डायव्हर ३८ ते ४२, जाडी १३ पर्यंत. क्रोनोग्राफला १४ पर्यंत सवलत द्या. लग-टू-लगला मात्र कुठेच सवलत नाही, वहीतला आकडा अंतिम.

जुनी घड्याळं घेताना ३३ ते ३६ या आकड्यांना घाबरू नका. त्यांचं बेझल बारीक, डायल मोठं आणि लग लांब असतात, त्यामुळे आकड्यापेक्षा भारदस्त दिसतात. तपासायचं ते वेगळंच. वारंवार पॉलिश केलेल्या केसचा धातू झिजतो, लग निमुळते आणि गोलसर होतात, कडा बोथट होतात. लगमधली पिनची भोकं कडेच्या फार जवळ आलेली दिसली तर बराच धातू गेला आहे असं समजा. त्या मॉडेलचं मूळ माप माहीत असेल तर कॅलिपरने व्यास आणि लगची रुंदी ताडून बघा. क्राउन बदललेला असेल तर तो अनेकदा मूळापेक्षा मोठा असतो आणि टोचतो.

पायरी १०: वही ठेवा, आणि कड्या काढायची घाई करू नका

प्रत्येक घड्याळाची पाच मापं, वजन, पट्टा, आणि महिन्यातून किती दिवस हातावर होतं, एवढं लिहा. सहा महिन्यांत नमुना दिसू लागतो. जास्त घातली जाणारी घड्याळं बहुधा जाडीत एकमेकांच्या मिमीभर अंतरात येतात, मग त्यांचा व्यास ३६ असो वा ४१. पेटीत पडून राहिलेल्यांचं कारणही त्याच पानावर सापडतं. पुढचं घड्याळ घेताना त्या पानाशी मापं जुळवा.

नवीन घड्याळ घरी आलं की पहिले दोन दिवस संरक्षक फिल्म न काढता, घरातच घाला. ब्रेसलेट मोठं असेल तर कड्या लगेच काढून घेऊ नका. बरेच विक्रेते कड्या काढलेलं किंवा फिल्म सोललेलं घड्याळ परत घेत नाहीत. तोवर त्याच रुंदीच्या साध्या पट्ट्यावर घालून बघा आणि पायरी ७ मधली प्रत्येक चाचणी पुन्हा करा. ठेवायचं नक्की झाल्यावरच घड्याळजीकडे जा, दुपारनंतरच्या मनगटाच्या मापाने कड्या काढून घ्या, बारीक फरक बकलच्या भोकांवर सोडा. काढलेल्या कड्या आणि पिना छोट्या पिशवीत, घड्याळाच्या नावाची चिठ्ठी लावून, डब्यातच ठेवा. विकायची वेळ आली तर पुढच्या माणसाच्या मनगटाला त्या लागतील.